बदल सुचवण्याआधी

पायथनमध्ये 'फुलचूर' हे गावाचं नाव घ्यावं आणि मजकुरात नमुने शोधणाऱ्या रेगेक्सला सांगावं, यातले शब्द वेगळे करून दे. एक शब्द परत मिळायला हवा. मिळतात तीन तुकडे : 'फ', 'लच' आणि 'र'. दोन्ही उकार वाटेतच गळून पडतात. गोंदिया जिल्ह्याच्या आठही तालुक्यांची नावं याच वाटेनं नेली तर एकही धडपणे परत येत नाही. गोंदियाचे 'ग', 'द', 'य' होतात, आमगावचे 'आमग' आणि 'व', देवरीचे 'द' आणि 'वर'. तिरोडा, गोरेगाव, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, सगळ्यांची हीच गत. सडक अर्जुनीमधला 'सडक' तेवढा शाबूत राहतो, कारण त्याला काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही.

यामागचं कारण अगदी साधं आहे. रेगेक्समध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू ही खूण 'शब्दात येणारं कोणतंही अक्षर' या अर्थानं वापरतात. युनिकोडनं प्रत्येक वर्णाला एक वर्ग दिलेला आहे. आपली व्यंजनं आणि स्वर 'अक्षर' या वर्गात बसतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण मात्र 'जोडचिन्ह' या वेगळ्या वर्गात जातात. पायथनचं रेगेक्स अक्षरं, अंक आणि अधोरेखा एवढ्यांनाच शब्दात घेतं, जोडचिन्हांना घेत नाही. रेगेक्सबद्दल मार्गदर्शन करणारा युनिकोडचा 18 क्रमांकाचा तांत्रिक दस्तऐवज जोडचिन्हंही शब्दाचाच भाग धरायला सांगतो, आणि पर्ल ही भाषा तसं करतेही. पर्लमध्ये फुलचूर फुलचूरच राहतं.

याच पायथनमध्ये 'फुलचूर' हे एखाद्या व्हेरिएबलचं नाव म्हणून बिनदिक्कत चालतं. 'फुलचूर बरोबर 5' असं लिहा, प्रोग्राम धावतो. भाषेचा एक भाग या शब्दाला अखंड नाव म्हणून मान देतो आणि दुसरा भाग त्याचे तीन तुकडे करतो. हे असं का झालं, याचा इतिहास या पुस्तकाच्या विषयाशी थेट जोडलेला आहे, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

एप्रिल 2007 मध्ये कोणीतरी पायथनकडे नोंद केली, की देवनागरी मजकुरातून शब्द काढायला गेलं की त्यांचे बारीक तुकडे होतात आणि बहुधा स्वरचिन्हं शब्दात धरली जात नसावीत. निदान अचूक होतं. पुढं 2011 मध्ये टॉम क्रिस्टियनसन या पर्लच्या नामांकित जाणकारानं हीच उणीव युनिकोडच्या त्या दस्तऐवजाचा आधार देऊन पुन्हा मांडली. पहिल्या नोंदीनंतर दीड दशक लोटलं तरी दुरुस्ती झालेली नव्हती. नोंद खरी होती. पण ती पुढं न्यायला कोणी उभं राहिलं नाही.

त्याच सुमारास, मे 2007 मध्ये, मार्टिन फॉन ल्योविस यांनी पीईपी 3131 हा प्रस्ताव मांडला. पीईपी म्हणजे पायथनमधल्या बदलांचा औपचारिक मसुदा. ही पद्धत 2000 सालापासून चालू आहे. व्हेरिएबलची, फंक्शनची नावं इंग्रजी लिपीबाहेरच्या अक्षरांतही लिहिता यावीत, ही त्यांची मागणी होती. वरवर पाहता ती कितीतरी मोठी होती. भाषेच्या व्याकरणालाच हात घालणारी, आणि विरोधही भरपूर ओढवून घेणारी. लोकांना वाचता येणार नाही असा कोड तयार होईल, सारख्या दिसणाऱ्या अक्षरांनी फसवणूक होईल, कीबोर्डवर नसलेलं अक्षर टाइप कसं करायचं, असे आक्षेप आले. तरी गिडो व्हॅन रॉसम यांनी तो मान्य केला आणि डिसेंबर 2008 च्या पायथन 3.0 मध्ये तो उतरला. आज देवनागरी नाव चालतं ते त्यामुळं.

दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या, एकाच भाषेतल्या, इंग्रजीपलीकडच्या लिपींच्या हिताच्या. एक वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली, दुसरी दीड वर्षात प्रत्यक्षात आली. फॉन ल्योविस पायथनच्या आतल्या वर्तुळातले होते आणि त्याचा फायदा त्यांना नक्कीच झाला. ते नाकारण्यात अर्थ नाही. तरीही दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले की फरक दिसतो. पीईपी 3131 मध्ये बदल का हवा ते आहे. कोणती अक्षरं चालतील आणि कोणती नाहीत, याची युनिकोडच्या वर्गांनुसार नेमकी व्याख्या आहे. आक्षेप स्वतःहून नोंदवून त्यांना उत्तरं दिली आहेत. पायथनच्या स्वतःच्या प्रमाण ग्रंथालयात मात्र नावं इंग्रजी लिपीतच राहतील, असं बंधनही घालून दिलं आहे. म्हणजे या बदलानं ज्यांची गैरसोय होईल त्यांचा विचार ज्याला बदल हवा होता त्यानंच आधी करून ठेवला. निर्णय घेणाऱ्याकडं 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याइतकंच काम उरलं.

एखादी उणीव कळवणं आणि तिच्यावरचा बदल सुचवणं यांत एवढं अंतर आहे, आणि हे पुस्तक त्या अंतराबद्दल आहे. फुलचूर, गोंदिया आणि आसपासच्या तालुक्यांतून पदविका किंवा पदवीला संगणकशास्त्र शिकणारी जी मुलं रोज पायथन, गिट, जीसीसी वापरतात, त्यांच्यासाठी ते लिहिलं आहे. ही साधनं कोणा कंपनीनं दिलेली तयार वस्तू नाहीत. त्यांचा सगळा कोड उघडा आहे, त्यात बदल सुचवण्याचा हक्क फुलचूरच्या मुलीला कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याइतकाच आहे. कागदावर तरी नक्कीच. तो प्रत्यक्षात आणायचा तर पलीकडं बसलेल्या मेंटेनरची, म्हणजे त्या साधनाची देखभाल करणाऱ्याची, बाजू आधी समजून घ्यावी लागते.

मेंटेनर 'नाही' म्हणतात, आणि वरचेवर म्हणतात. नव्यानं येणाऱ्याला तो गर्व वाटतो. आपल्या भागात मामा (माजी मालगुजारी) तलावांवर शेती पिकते, त्यामुळं त्यांची अडचण आपल्याला समजायला जड जाऊ नये. सांडवा वीतभर उंच केला तर खालच्या बांध्यांना जास्त पाणी मिळेल, हे खरं. पण वरच्या अंगाला कोणाचं शेत बुडीत जाईल, पाळ तेवढा दाब सोसेल का, हे न पाहता कोणी सांडव्याला हात लावत नाही. जुन्या साधनांचंही असंच असतं. त्यांच्या आजवरच्या वागण्यावर, अगदी चुकीच्या वागण्यावरसुद्धा, विसंबून लाखो प्रोग्राम उभे असतात.

2010 मधलं मेमकॉपीचं प्रकरण पाहण्यासारखं आहे. लिनक्सवर चालणारा जवळपास प्रत्येक प्रोग्राम ग्लिबसी या सी ग्रंथालयाच्या आधारानं चालतो. त्यात मेमकॉपी नावाचं एक फंक्शन आहे, स्मृतीतला मजकूर एका जागेहून दुसरीकडे नेणारं. दोन्ही जागा एकमेकींवर चढलेल्या असतील तर हे फंक्शन वापरू नका, असा नियम पहिल्यापासून लिहून ठेवलेला. वेग वाढवण्यासाठी ग्लिबसीनं ते नव्या प्रोसेसरांवर उलट्या दिशेनं, शेवटाकडून सुरुवातीकडे, काम करील असं केलं. नियमाला धरूनच. आणि फेडोरा 14 वर लोकांच्या व्हिडिओंचा आवाज खरखरायला लागला, कारण ॲडोबीच्या फ्लॅशनं तो नियम मोडला होता आणि जुन्या दिशेमुळं आजवर ते खपून गेलं होतं. खुद्द लिनस टॉरवाल्ड्स यांनी शोध घेऊन तक्रार केली. ग्लिबसीकडून उत्तर आलं, हा दोष आमचा नाही. नियमानं पाहिलं तर ते बरोबर होतं. टॉरवाल्ड्स यांचं म्हणणं वेगळं होतं : वापरणाऱ्याचा संगणक काल चालत होता आणि आज चालत नाही, त्याला नियमाशी काय देणंघेणं? शेवटी निघालेला तोडगा मला फार आवडतो. 2011 च्या 2.14 आवृत्तीपासून जुने तयार प्रोग्राम जुन्या मेमकॉपीकडे जातात आणि नव्यानं बांधलेले नव्या मेमकॉपीकडे. दोन्ही एकाच ग्रंथालयात नांदतात. ज्यांचा वाद होता त्या दोघांचंही म्हणणं खरं ठरवणारी ती दुरुस्ती होती, आणि अशी तिसरी वाट शोधून आणणारा प्रस्ताव मेंटेनरला सगळ्यात प्रिय असतो.

ग्लिबसीचाच आणखी एक किस्सा, अधिक लांबलेला. 1998 मध्ये ओपनबीएसडी या संचालन प्रणालीनं स्ट्रलकॉपी नावाचं फंक्शन आणलं. मजकुराची नक्कल करताना दिलेल्या जागेबाहेर काही सांडू नये, ही त्यामागची सोय. इतर प्रणालींनी ते घेतलं. 2000 साली क्रिस्टोफ हेलविग यांनी ते ग्लिबसीत घ्यावं म्हणून पॅच पाठवला. त्या वेळचे प्रमुख मेंटेनर उलरिच ड्रेपर यांनी तो झिडकारला, तेही तिखट शब्दांत. ड्रेपर त्यांच्या बोलण्याच्या पद्धतीबद्दल प्रसिद्धच होते. पण त्या तिखटपणाखाली एक तांत्रिक मुद्दा होता : हे फंक्शन मजकूर मावला नाही तर गुपचूप कापतं, आणि कापलेला मजकूर पुढं घेऊन जाणं हीसुद्धा चूकच आहे. वाद वर्षानुवर्षं चालू राहिला. अखेर 2023 मध्ये, 2.38 आवृत्तीत, स्ट्रलकॉपी ग्लिबसीत आलं, कारण तोवर ते पॉझिक्स या सामायिक मानकात घ्यायचं ठरलेलं होतं. 23 वर्षं. गंमत अशी, की ज्या लिनक्स कर्नलनं स्ट्रलकॉपी कधीच आपलंसं केलं होतं, त्यानं 2024 च्या सुरुवातीला ते काढून टाकलं आणि त्याच्या जागी दुसरं, अधिक काटेकोर फंक्शन ठेवलं.

या प्रकरणाकडे पाहून नव्या माणसाचं मन खचू शकतं. माझं मत वेगळं आहे. ड्रेपर यांचा सूर चुकीचा होता आणि त्या सुरापायी किती जण परत फिरले असतील याची मोजदाद नाही. तो सूर कोणी सहन करावा असं मी म्हणणार नाही. ग्लिबसीच्या लोकांनाही ते पटलं : मार्च 2012 मध्ये त्यांनी आपली सुकाणू समिती स्वतःहून विसर्जित केली आणि निर्णय सर्वसहमतीनं घ्यायचे ठरवले. पण तांत्रिक आक्षेप आणि तो मांडणारा सूर वेगळे करायला शिकलंच पाहिजे. नकाराच्या पत्रातून कडवटपणा वगळून जे उरतं, ते बहुतेक वेळा फुकट मिळालेलं शिक्षण असतं. बदललेल्या ग्लिबसीत पुण्याच्या रेड हॅटमध्ये काम केलेले सिद्धेश पोयरेकर मेंटेनर झाले आणि 2017 मधल्या 2.25 आवृत्तीच्या प्रकाशनाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. ज्या दारातून लोकांना परत पाठवलं जायचं, त्या दारात उभं राहून येणाऱ्यांचे पॅच तपासणाऱ्यांत आपल्याकडचा माणूस होता.

तो पहिलाही नव्हता. जीसीसी या कंपायलरच्या उगम संहितेत जीसीएसई.सीसी (पूर्वी जीसीएसई.सी) नावाची फाइल आहे. एकच गणित प्रोग्राममध्ये पुन्हा पुन्हा केलं जात असेल तर ते एकदाच करून ठेवायचं काम ती करते. फाइलच्या माथ्यावर ज्या शोधनिबंधांच्या आधारे ती लिहिली त्यांची यादी आहे, आणि त्या यादीत धनंजय ढमढेरे यांचं नाव एकाहून अधिक वेळा येतं. त्यांचे 1988 आणि 1991 चे निबंध तिथं नोंदवलेले आहेत. ढमढेरे आयआयटी मुंबईत प्राध्यापक होते. सिस्टीम्स प्रोग्रामिंगवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक भारतभरातल्या विद्यार्थ्यांनी अभ्यासलं आहे. त्यांनी कोणाकडं विनंती केली नाही. एक प्रश्न इतका स्वच्छ सोडवून ठेवला, की जीसीसीच्या लेखकांना त्यांच्याकडं यावं लागलं. बदल सुचवण्याची हीसुद्धा एक रीत आहे, सगळ्यात दूरची आणि सगळ्यात टिकाऊ. त्याच संस्थेत उदय खेडकर यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर उभं केलं. जीसीसी हा लक्षावधी ओळींचा पसारा. त्यात बदल करण्याआधी तो वाचता यायला हवा, आणि वाचायचा कुठून हेच नव्या माणसाला कळत नाही. खेडकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यशाळा घेतल्या, त्या पसाऱ्याचे थर उलगडून दाखवणारं अभ्याससाहित्य तयार केलं. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं पायथनसारख्या विषयांचे धडे मराठीतून ऐकायची सोय केली. गोंदियासारख्या ठिकाणी, जिथं घरी पोवारी किंवा झाडीबोली, बाजारात हिंदी, शाळेत मराठी आणि पाठ्यपुस्तकात इंग्रजी अशी चार वळणं एका दिवसात घ्यावी लागतात, तिथं अशा धड्यांचं मोल मोठं आहे.

कागदपत्रांचा अडथळाही आता कमी झालाय. जीसीसीला मोठा बदल द्यायचा तर पूर्वी त्या कोडचा हक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे लिहून द्यावा लागे. जून 2021 पासून 'हा कोड माझा आहे आणि तो देण्याचा मला अधिकार आहे' अशा अर्थाची एक ओळ पॅचखाली लिहिली तरी चालतं. लिनक्स कर्नलमध्ये ही पद्धत 2004 पासून आहे. त्या एका ओळीला सहीची किंमत आहे, हे मात्र लक्षात ठेवा. अधिकार नसताना दुसरीकडून उचललेल्या कोडखाली ती लिहिणं म्हणजे खोटी सही करणं.

आता ज्याबद्दल लिहिताना मला मनापासून वाईट वाटतं, तिकडं वळतो. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट या वार्षिक उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. पहिल्या दोन-तीन दिवसांतच जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला : कुठं एका शब्दाच्या आधी 'अप्रतिम' जोडलेलं, कुठं एक मोकळी जागा वाढवलेली. त्यात भारतातून आलेल्या पुल रिक्वेस्टचा वाटा डोळ्यात भरण्याइतका होता. ज्या प्रकल्पांना हवंय त्यांनाच या उपक्रमात धरायचं, असा नियम आयोजकांना घाईघाईनं करावा लागला. 2024 च्या सुरुवातीला पुन्हा तेच. एक्स्प्रेस या जावास्क्रिप्टच्या प्रसिद्ध चौकटीच्या माहितीफाइलमध्ये स्वतःचं नाव घालणाऱ्या पुल रिक्वेस्टची रांग लागली, कारण एका शिकवणीच्या व्हिडिओत त्याच प्रकल्पावर प्रात्यक्षिक दाखवलं होतं. मुलांचा हेतू वाईट नव्हता. पहिलं पाऊल कुठं टाकायचं हे त्यांना कोणी नीट सांगितलंच नव्हतं. पण त्यामुळं भारतीय नावाच्या नव्या माणसाचा पॅच उघडताना मेंटेनरच्या कपाळावर आठी पडत असेल, तर ती पुसायचं काम आता आपल्यालाच करावं लागेल. त्यात यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुराची भर पडलीय. कर्ल या साधनाचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग 2024 पासून जाहीरपणे सांगत आहेत, की भाषाप्रतिमानांकडून घडवून घेतलेले, दिसायला नेटके आणि आतून पोकळ सुरक्षा-अहवाल तपासण्यात त्यांच्या लोकांचा वेळ वाया जातो. जे स्वतः तपासलं नाही ते दुसऱ्याला तपासायला पाठवू नये. या पुस्तकातला मी सगळ्यात कळकळीनं सांगितलेला नियम तोच आहे.

मेंटेनर माणूस आहे, बहुधा नोकरी सांभाळून संध्याकाळी हे काम करणारा. एक्सझेड या दाबणी-साधनाचे लास्से कॉलिन अशाच प्रकारे एकट्यानं काम सांभाळत होते. 2022 मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागं लकडा लावला : काम संथ चाललंय, दुसऱ्या कोणाला तरी अधिकार द्या. आणि 'जिया टॅन' नावानं वावरणारा, गोड बोलणारा, पॅचवर पॅच पाठवणारा एक सहायक तयारच होता. त्याला अधिकार मिळाले. 2024 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत त्यानं चोरदरवाजा बसवला. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा छडा लावताना आंद्रेस फ्रॉइंड यांना तो सापडला आणि 29 मार्च 2024 रोजी त्यांनी तो उघड केला. थोडक्यात निभावलं. त्यानंतर अनोळखी माणसाच्या मदतीकडं सावधपणे पाहणं हा मेंटेनरचा दोष मानता येत नाही. 'माझा पॅच का बघत नाही' असं तिसऱ्या दिवशी विचारणाऱ्यानं हे प्रकरण एकदा मन लावून वाचावं.

मग फुलचूरच्या मुलानं किंवा मुलीनं नेमकं काय करावं? ज्याचा अनुभव इतरांना नाही आणि आपल्याला रोज येतो, तिथून सुरुवात करावी. देवनागरीची जोडचिन्हं हा असा विषय आहे. पायथनच्या मेंटेनरांना काना-मात्रा डोळ्यांनी दिसत असतीलही, पण आमगावचं 'आमग' झालेलं पाहून खटकत नाही. खटकायला ते नाव ओळखीचं असावं लागतं. आपल्याकडं मतदारयाद्या आहेत, सातबारे आहेत, धान खरेदी केंद्रांवरच्या शेतकऱ्यांच्या याद्या आहेत. नावं जुळवताना, मोजताना, शोधताना एक वेलांटी गळाली तर दोन माणसांचा एक होतो. हा पुरावा आपल्याजवळच आहे.

पुराव्याची धार कशी असावी याचं एक ताजं उदाहरण देतो. पीसीआरई2 हे रेगेक्सचं दुसरं ग्रंथालय. पीएचपीपासून गिटपर्यंत अनेक साधनं ते वापरतात. फेब्रुवारी 2024 च्या 10.43 आवृत्तीत, युनिकोडचा पर्याय चालू केल्यावर, बॅकस्लॅश डब्ल्यूमध्ये जोडचिन्हं घेतली गेली. पण सगळी नाहीत. युनिकोडनं जोडचिन्हांचे दोन पोटवर्ग केले आहेत : जी स्वतंत्र जागा घेत नाहीत ती, उकार, एक मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, आणि जी जागा घेतात ती, काना, दोन्ही वेलांट्या, काना-मात्रा. या आवृत्तीनं पहिला पोटवर्ग आत घेतला, दुसरा बाहेर ठेवला. परिणामी फुलचूर आता अखंड राहतं, आमगाव पूर्वीसारखंच तुटतं, आणि अर्जुनीची शेवटची वेलांटी गळून 'अर्जुन' उरतो. ही तिसरी गोष्ट जास्त धोक्याची. तुकडे पडले तर चूक डोळ्यांना दिसते. अर्जुनीचा अर्जुन झाला तर तो कोणालाच खटकत नाही, कारण तोही एक खरा शब्द आहे. असं एक उदाहरण, आधी काय मिळत होतं, आता काय मिळतं, काय मिळायला हवं आणि कोणत्या मानकानुसार, एवढं चार ओळींत मांडलं की जगातल्या कोणत्याही मेंटेनरला ते कळतं. त्यासाठी इंग्रजी ललित असावं लागत नाही, नेमकं असलं की पुरतं. इंग्रजीच्या धास्तीनं कोणी मागं राहू नये म्हणून अशा पत्रांचे नमुने पुस्तकात दिले आहेत. ते जसेच्या तसे उतरवण्यासाठी नाहीत, त्यांची बांधणी पाहण्यासाठी आहेत.

त्यानंतरचं काम म्हणजे बदलाची किंमत मोजणं. पायथनमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यूचा अर्थ बदलला, तर आज देवनागरीबाबत जुन्या वागण्यावर विसंबलेले प्रोग्राम वेगळे वागतील. मजकुरात फक्त अक्षरं-अंक आहेत का, हे तपासणाऱ्या पायथनच्या दुसऱ्या फंक्शनांशी त्याचा मेळ राहणार नाही, किंवा तीही बदलावी लागतील. बदल एकदम करायचा की पर्यायी खूण देऊन? आधी काही आवृत्त्यांत इशारा द्यायचा का? वेगावर काय परिणाम होईल? मॅथ्यू बार्नेट यांचं रेगेक्स नावाचं स्वतंत्र मोड्यूल देवनागरी नीट हाताळतं, मग 'ते वापरा' एवढं उत्तर पुरेसं का नाही? हे प्रश्न पलीकडून येण्याआधी प्रस्तावात यायला हवेत.

आणि एक प्रश्न असा आहे, ज्याचं उत्तर मराठी माणसानंच द्यायला हवं. वऱ्हाड, दऱ्या, सुऱ्या या शब्दांतला आडवा रफार दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात त्यासाठीचा स्वतंत्र र आणि पाय मोडण्याची खूण वापरतात. दुसऱ्यात नेहमीचा र, पाय मोडण्याची खूण आणि त्यापुढं शून्य रुंदीचं एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, जुन्या फायलींत दुसरा प्रकार भरपूर सापडतो. ते अदृश्य चिन्ह युनिकोडच्या लेखी ना अक्षर, ना काना-मात्रांसारखं जोडचिन्ह. ते निव्वळ मांडणीचं चिन्ह आहे. म्हणजे उद्या काना-मात्रा शब्दात घेतल्या गेल्या तरी दुसऱ्या प्रकारे लिहिलेलं वऱ्हाड मधोमध तुटणारच. युनिकोडचा 18 क्रमांकाचा दस्तऐवज या चिन्हालाही शब्दात घ्या म्हणतो. पण त्याला आत घेतलं की दिसायला एक आणि आतून दोन अशी नावं शोधात वेगवेगळी ठरतील, आणि ती जुळवायची कोणी आणि केव्हा, हे ठरवावं लागेल. याबद्दलचा मराठी मजकूर गोळा करून, दोन्ही प्रकार किती आणि कुठं आढळतात ते मोजून, चाचण्यांसह कोणी मांडला तर पायथनच काय, पुढची अनेक साधनं त्याचा आधार घेतील. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण या कामाच्या आराखड्याचं आहे, आणि ते मुद्दाम अर्धवट ठेवलं आहे.